सोलापूरजवळ नान्नजकडे माळावर ओढ्याला मातीचा बांध घातलाय, पाण्यावर जनावरं आणि काळवीट दोन्ही येतात. बांधाची माती धरायला बाभळी लावू का?

नको, बांधावर बाभूळ, सुबाभूळ काहीच लावू नका. माती धरायला हराळी किंवा मारवेल पुरते. झाडाची मुळं ओलाव्यामागे भरावात खोल शिरतात, पुढे झाड वाळलं की कुजतात आणि त्या पोकळ वाटेनं पाणी सुटतं. मातीच्या बांधांच्या कामात हा जुनाच नियम आहे. बाहेरच्या पायथ्याशी नितळ पाझर दिसला तर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ पाणी येऊ लागलं तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा आणि लगेच पाणी उतरवा. शिवाय तुमचा तो माळ माळढोक, धाविक (हे दोन्ही माळावरचे पक्षी) आणि काळवीट यांचा, त्यांना मोकळं गवताळ रानच लागतं.

खरं नुकसान खुरांनी होतं. म्हणून:
- बांध आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) जनावरांना बंद करा. सांडव्यात खुरांची पायवाट पडली की पावसाळ्यात तिथंच घळ पडते.
- जनावरांसाठी खाली हौद बांधा. नळी बांध फोडून नको, वरून सायफननं न्या, म्हणजे पाण्यानं भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली उतरतं.
- बांधासमोरचा, पाण्याचा एक उथळ काठ वन्यप्राण्यांना मोकळा सोडा. काटेरी तार तिकडे अजिबात नको.

बांधावर आधीच मोठी बाभूळ असेल तर मात्र घाईनं तोडू नका, बुंधा तोडला तरी मुळं आत कुजणारच. जलसंधारणाच्या अभियंत्याला दाखवून, मुळासकट काढून, खड्डा थराथरानं धुमसून भरून घ्या. रोपटी असतील तर आजच उपटा.