सुरक्षेच्या युक्तिवादातील ‘कॉन्फिडन्स’: विश्वास की खात्री?

विमान किंवा रेल्वेची सिग्नलव्यवस्था सुरक्षित आहे, हे दावे, उपदावे आणि पुरावे यांच्या उतरंडीतून मांडणाऱ्या ‘सेफ्टी केस’मध्ये ‘कॉन्फिडन्स’, म्हणजे पुरावा दाव्याला किती भक्कम आधार देतो ते, मोजतात. त्याला मराठीत आत्मविश्वास म्हणावे, विश्वास म्हणावे की खात्री, असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

आत्मविश्वास माणसाला असतो, युक्तिवादाला नव्हे, म्हणून तो शब्द बाद होतो. विश्वास पुराव्यावाचूनही ठेवता येतो. खात्री मात्र पटावी लागते किंवा करून घ्यावी लागते, आणि या दोन्ही क्रियापदांत पुरावा गृहीतच असल्यामुळे माझे मत खात्रीच्या बाजूने आहे. खात्री असते किंवा नसते, तिचे मोजमाप कसले, हा आक्षेप मला पटत नाही, कारण ‘जवळजवळ खात्री’ आपण सहज म्हणतो.

खरी अडचण ही खात्री आकड्यात मांडताना येते. आर्थर डेम्पस्टर यांनी १९६७ मध्ये पाया घातलेल्या आणि ग्लेन शेफर यांनी १९७६ मध्ये विस्ताराने मांडलेल्या पुरावा-सिद्धान्तात एकूण १ पैकी दाव्याच्या बाजूने ०.७ आणि विरुद्ध ०.१ इतके वजन पडले, तर उरलेले ०.२ कोणाच्याही पदरात न टाकता अनिर्णित ठेवता येते. त्यामुळे ‘विश्वास नाही’ या अर्थी ‘अविश्वास’ लिहिणे येथे घातक ठरेल. अविश्वास ही विरोधी भूमिका आहे (अविश्वासाचा ठराव आठवावा), तर पुरावा नसणे ही निराळीच गोष्ट आहे. २००६ मध्ये अफगाणिस्तानात कोसळलेल्या, १४ जणांचा बळी घेणाऱ्या ब्रिटिश निमरॉड विमानाच्या सेफ्टी केसमध्ये बरेचसे धोके निर्णयाविना ‘खुले’ किंवा वर्गीकरणाविनाच राहिले होते, हे २००९ च्या चौकशी अहवालात नोंदलेले आहे. असा अनिर्णित भाग आकड्यात वेगळा दिसलाच पाहिजे.

वरील उदाहरणात खात्री ०.७ आणि अनिर्णितासह वरची मर्यादा ०.९ होते. या मर्यादेला ‘शक्यता’ म्हटल्यास संभाव्यतेशी घोटाळा होतो. मी ‘वाव’ सुचवतो, कारण दावा खरा ठरण्यास अजून किती जागा आहे, एवढेच तो आकडा सांगतो.

परस्परविरोधी पुरावे डेम्पस्टर यांच्या नियमाने एकत्र करताना विरोधाचा वाटा वगळून उरलेल्या वजनांची बेरीज पुन्हा १ केली जाते; त्यातून दोन्ही साक्षीदारांनी जवळजवळ नाकारलेला निष्कर्षच पूर्ण खात्रीचा ठरू शकतो, हे लोत्फी झादेह यांनी दाखवले. म्हणून खात्री आणि वाव यांच्या शेजारी ‘विसंगती’, म्हणजे वगळलेला विरोधाचा वाटा, हा तिसरा आकडाही छापावा.