दुसऱ्या एम.एस्सी.चा फॉर्म भरायच्या आधी

प्रिय भावा,

ऑरगॅनिकमधे एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, जॉब नाही, तर आता ॲनालिटिकलमधे अजून एक एम.एस्सी. करू का, असं तू विचारलंयस. आधीच सांगून टाकते, करू नकोस. निदान या वर्षी आणि या कारणासाठी तरी नकोच.

कारण म्हणते ते अशासाठी की तुझ्या मेसेजमधे कोर्सबद्दल चार ओळी होत्या आणि बाकी सगळं घरचं होतं. लग्नाकार्यात भेटेल तो विचारतो सध्या काय चाललंय, वडील काही बोलत नाहीत पण बोलत नाहीत तेच जास्त लागतं, बरोबरची मुलं पुण्याला गेली. ॲडमिशन घेतली की दोन वर्षं सगळ्यांना द्यायला उत्तर मिळतं, एम.एस्सी. करतोय म्हणून. हे मला अगदी कळतं रे, यात तुझं काही चुकतंय असंही मी म्हणत नाही. पण त्या उत्तरासाठी प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी, पुण्यातलं भाडं, मेस आणि वर लोन, एवढं सगळं कापसाच्या पैशातून भागवायचं म्हणजे फार महाग पडतं. आणि लोनचं एक नीट समजून घे, हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. बँकेत बसलेला माणूस हे सांगतो, पण आपण त्या वेळी ॲडमिशनच्या नादात ऐकत नाही.

आता एक काम कर. ज्या ज्या ठिकाणी तू अप्लाय केलंस त्या जाहिराती परत काढून वाच. क्यूसीची, म्हणजे औषध कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोल लॅबची जाहिरात असेल तर तिथे लिहिलेलं असतं एम.एस्सी. केमिस्ट्री, ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकल, कधी बी.फार्म.सुद्धा. म्हणजे कागदावर तू सगळीकडे बसत होतास. डिग्री कमी पडली म्हणून तुला एकाही ठिकाणी नाही म्हटलेलं नाही. मग अडलं कुठे? तूच लिहिलंयस, दोन इंटरव्ह्यू झाले आणि दोन्हीकडे एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, गाडी अडली. कॉलेजात मशीन काचेच्या केबिनमधे होतं, सरांनी लांबून दाखवलं, परीक्षेला थिअरी लिहिली. ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही, माझ्यासमोर इंटरव्ह्यूला बसणाऱ्या निम्म्याअधिक मुलांचं हेच असतं.

मी काय विचारते सांगू? मोबाइल फेज, म्हणजे मशीनमधून वाहणारं द्रावण, कशी बनवशील, इथून सुरुवात. बफर केला, पीएच लावला, मग 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून सोनिकेटरला लावून हवा काढायची, आणि का काढायची तेही सांगायचं, म्हणजे पंपात बुडबुडा अडकला की प्रेशर वरखाली होतं, बेसलाइन, म्हणजे आलेखाची सरळ रेघ, नाचते. मग विचारते, स्टँडर्डची, म्हणजे माहीत प्रमाणाच्या नमुन्याची, पाच इंजेक्शनं मशीनला दिली, एरियाचा आरएसडी, म्हणजे पाच आकड्यांतली तफावत, 2 टक्क्यांच्या आत यायला हवा होता, तुझा 2.6 आला, आता काय करशील? दहातली आठ मुलं पटकन म्हणतात, मॅडम परत इंजेक्ट करीन. तिथेच संपतं. कारण आधी थांबायचं असतं, वरिष्ठांना सांगायचं असतं, लीक आहे का, कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, नीट सेट झालाय का, व्हायलमधे सॅम्पल पुरेसं आहे का हे बघायचं आणि जे झालं ते नोंदवायचं असतं. लॉगबुकमधे आकडा चुकला तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. एवढं ज्याला अंगवळणी पडलंय असा मुलगा समोर आला ना तर त्याचे मार्क किती हे मी नंतर बघते. आणि दुसऱ्या एम.एस्सी.तही मशीन काचेच्याच मागे असलं तर दोन वर्षांनी तू याच खुर्चीत याच प्रश्नाला अडशील, फक्त तेव्हा वय दोनने वाढलेलं असेल आणि पासिंग इयर बघून फ्रेशर घेणाऱ्या कंपन्या तुझा सीव्ही बाजूला ठेवतील.

तरीही तिथेच जायचं मनात असेल तर ब्रोशरवर जाऊ नकोस. तिथे प्रत्यक्ष जा, मागच्या वर्षी पास झालेली चार मुलं शोध आणि विचार की मशीनवर किती वेळा हात लागला, एका मशीनमागे किती जण होते, आता कुठे कामाला आहेत. ऑफिसातल्या लोकांना नको विचारूस, मुलांनाच विचार.

जाहिरातीत ते कधीकधी एफडीए अप्रूव्हड, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता असलेला केमिस्ट मागतात, ते वाचून तू घाबरला होतास. अरे ते अप्रूव्हल औषध तपासणीच्या प्रत्यक्ष अनुभवावर मिळतं, एम.एस्सी. दोनदा करून नाही. म्हणजे तिथेही आधी लॅबमधे शिरणंच आलं.

डिग्री घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. जिथे डिग्री हीच अट आहे तिथे ती घ्यावीच लागते. तुला खरंच शिकवायला आवडत असेल, ज्युनिअर कॉलेजवर जायचं असेल, तर बी.एड. कर, त्याशिवाय तिथे दार उघडत नाही. पण सगळं समजून कर. 2015 ला बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यानंतर टेट नव्हे, टीएआयटी म्हणजे शिक्षकांची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, भरती निघेल तेव्हा निघणार, आणि लागलास तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 20,000 मानधन. हे सगळं माहीत असूनही मन तिकडेच ओढ घेत असेल तर मी तुझ्या वडिलांशी स्वतः बोलेन. तू मागे ट्यूशनच्या मुलांबद्दल किती उत्साहाने बोलायचास ते माझ्या लक्षात आहे, म्हणून हे लिहितेय.

सीनिअर कॉलेजला जायचं म्हणशील तर त्यालाही दुसरी एम.एस्सी. लागत नाही, आहे त्याच एम.एस्सी.वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा लागते. आपल्याकडची सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, आणि तिला वयाची अट नाही. सीएसआयआरची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, निघाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 मिळतात, पीएच.डी. करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. तशी पीएच.डी. जरूर कर. फेलोशिपशिवाय, नोकरी नाही म्हणून केलेली पीएच.डी. मात्र माणसाला आतून फार थकवते, आणि वर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवून, तासांचे पैसे कधी येतील याची वाट बघत बसायचं. हे मी जवळच्या माणसांचं बघितलंय.

एमबीएचं तू एका ओळीत लिहिलंस, मीही एका ओळीत सांगते, अनुभव घेऊन कर, तेव्हा त्याचा उपयोग होईल.

पुढचे सहा महिने असे घालव. एचपीएलसी, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी), डिसोल्युशन (गोळी किती विरघळते ती तपासणी) हाताने करायला देणारा छोटा कोर्स बघ, पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसून बघू देतात का ते विचार, नाही म्हणाले तर परत फिर. फक्त मोठ्या फार्मा कंपन्यांच्या मागे लागू नकोस, पाणी, अन्न, माती तपासणाऱ्या टेस्टिंग लॅब फ्रेशर घेतात, पगार कमी असतो, शिफ्ट असते, पण रोज हाताखालून सॅम्पल जातात आणि वर्षभरात तुझ्या बोलण्यातच फरक पडतो. वाळूज, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, जिथे मिळेल तिथे जा, पुणेच पाहिजे असं धरून बसू नकोस. सीव्हीत दोन वर्षांची गॅप लपवू नकोस, ट्यूशन घेतल्या आणि शेती बघितली असं सरळ लिही, त्यात खाली बघण्यासारखं काही नाही. शिकायचंच असेल तर नोकरी लागल्यावर डिस्टन्सने काहीतरी धर, तेव्हा फी तुझ्या पगारातून जाईल.

वडिलांशी मात्र या आठवड्यातच बोल. ते गप्प आहेत म्हणजे नाराजच आहेत असं तू गृहीत धरलंयस, कदाचित त्यांना नुसतं कळत नसेल काय विचारावं. सहा महिन्यांत काय करणार, किती खर्च येणार, हे त्यांना कागदावर लिहून दाखव.

फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते कळव आणि सीव्ही पाठव, आहे तसाच पाठव, मी बसून नीट करून देते. रविवारी दुपारनंतर फोन कर, सकाळी माझी शिफ्ट असते. आणि आरएसडी 2.6 आला तर काय करायचं, ते मी तेव्हा तुला विचारणार आहे, तयारी करून ठेव.

तुझी ताई