विकेंद्रित, विकेंद्रीत आणि पराणीची आर

प्रश्न असा आला आहे: ‘लोकल-फर्स्ट’ सॉफ्टवेअरला, म्हणजे माहितीची मूळ प्रत तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मराठीत ‘विकेंद्रीत सॉफ्टवेअर’ म्हटलं तर चालेल का?

आधी ते ‘द्री’ ऱ्हस्व करा. केंद्रीय, केंद्रीकरण यांत दीर्घ. केंद्रित, विकेंद्रित यांत ऱ्हस्वच. ‘केंद्रीत’ आता मथळ्यांतही दिसतं आणि दर वेळी दाताखाली खडा येतो.

‘केंद्र’ मूळचं संस्कृत आणि इंग्रजांनी त्यावरूनच ‘सेंटर’ केलं, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. ते साफ चूक आहे. ग्रीक ‘केंत्रॉन’ म्हणजे टोचणारं टोक, बैल हाकायच्या पराणीची आर. पुढे कर्कटकाचं कागदात रुतवलेलं टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. तिथून एक वाट लॅटिनमार्गे ‘सेंटर’कडे गेली, दुसरी यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली. हा शब्द एकटा आलेला नाही. पत्रिकेत १, ४, ७, १० ही घरं म्हणजे केंद्रं. २, ५, ८, ११ पणफर. ३, ६, ९, १२ आपोक्लिम. पणफर म्हणजे ग्रीक ‘एपानाफोरा’, आपोक्लिम म्हणजे ‘आपोक्लिमा’. वराहमिहिराच्या बृहज्जातकात तिन्ही आहेत. ज्यांना ‘केंद्र’ संस्कृत धातूवरून साधायचं आहे, त्यांनी आधी ‘आपोक्लिम’चा धातू दाखवावा.

आणि बघा, पत्रिकेत केंद्रं चार! शब्दाला एकाच मध्याचा हट्ट कधीच नव्हता. म्हणून माझं ठाम मत: इथे शब्द हवा तो ‘बहुकेंद्री’. ‘लोकल-फर्स्ट’ हे नाव रुळलं ते ‘इंक अँड स्विच’ या संशोधनगटाच्या २०१९ मधल्या लेखामुळे. त्यांची अट साधी आहे: तुमच्या यंत्रावरची प्रत अस्सल, सर्व्हरवरची नक्कल. सर्व्हर असायला हरकत नाही, त्याने फक्त मालक व्हायचं नाही. म्हणजे केंद्र काढून टाकलेलं नाही. आर प्रत्येक यंत्रात रुतवली आहे. ‘विकेंद्रित’मध्ये हे येत नाही.

वेगवेगळ्या यंत्रांवरच्या अशा प्रती आपोआप जुळवणारी माहितीची रचना म्हणजे ‘सीआरडीटी’ (कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप). तिच्या नावातल्या ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री’चं ‘संघर्षमुक्त’ करणाऱ्यांनीही जरा थांबावं. समजा, रेंज नसताना दोघांनी आपापल्या फोनवर गणपतीच्या वर्गणीची यादी उघडली. दोघांनी वेगवेगळी नवी नावं घातली, तर रेंज आल्यावर सगळी नावं दोन्हीकडे येतात. पण एकाच नावापुढे एकाने ५०१ केले आणि दुसऱ्याने ७०१, तर ‘ऑटोमर्ज’ ही सीआरडीटीवर चालणारी लायब्ररी (सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा तयार कोड) त्यातला एकच आकडा वर आणते. फक्त तो दोन्ही फोनवर न चुकता सारखाच असतो, आणि दुसरा आकडाही ती जपून ठेवते, मागितला की देते. प्रती जुळतात एवढीच तिची हमी. खरे पैसे किती आले, ते पावतीपुस्तकातच बघावं लागतं.