३९ मुलांची टक्केवारी आणि १९ लाख डॉलरांचं घर

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. मुलगा पाचवीत आहे. घराजवळच्या छोट्या चार्टर (सरकारी पैशांवर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) मिडल स्कूलमध्ये लॉटरीत त्याचा नंबर लागलाय. शाळा प्रकल्पांवर चालते, सहावी ते आठवी मिळून ११८ मुलं. पण राज्याच्या गणिताच्या परीक्षेत 'स्टँडर्ड मेट' म्हणजे अपेक्षित पातळी गाठणारी मुलं सहावीत ४६ टक्के आणि आठवीत २८च. ६४ टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली, एशियन मुलं जेमतेम आठ. टाउनहाऊस विकून दहापैकी नऊ रेटिंगच्या शाळेच्या हद्दीत १९ लाख डॉलरांचं घर घ्यावं का?

ताई, नमस्कार.

नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नको.

आधी पैशांचं बोलू. सध्याच्या घराचा हप्ता १,८६७ डॉलर, २.८७५ टक्क्यांनी. प्रॉपर्टी टॅक्स आणि एचओए (सोसायटीची वर्गणी) धरून महिन्याला साधारण ३,१३० जातात. नव्या घरासाठी १३ लाखांचं कर्ज ६.५ टक्क्यांनी काढलंत, तर नुसता हप्ता ८,२१७. त्यात टॅक्स आणि विमा मिळवला की १०,३६० च्या पुढे. तुम्हा दोघांच्या हातात येतात १७ हजार. 'घर म्हणजे गुंतवणूकच ना' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पहिल्या हप्त्याची फोड करून पाहिली. ८,२१७ मधले ७,०४२ व्याजाचे, मुद्दलात जातात ११७५. आजच्या छोट्या हप्त्यातूनही जवळजवळ ९०० डॉलर मुद्दल फिटतंय. म्हणजे महिन्याला सात हजार जास्त भरून मुद्दलात भर पडते ती तीनशेच्या आतबाहेर.

करात थोडं परत मिळेल, पण फेडरल सवलत कर्जाच्या पहिल्या साडेसात लाखांवरच्या व्याजालाच आहे. सगळं धरून वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास जादा खर्च, मिडल स्कूलच्या तीन वर्षांत दोन लाखांवर. शिवाय प्रॉप १३ या कॅलिफोर्नियाच्या १९७८ च्या मालमत्ता कराच्या कायद्यामुळे तुमच्या घराचं करपात्र मूल्य २०१६ च्या खरेदीपासून वर्षाला फार तर दोन टक्के वाढत आलंय. घर विकलंत की हा फायदा गेला. नव्या घरावर पूर्ण १९ लाखांवर कर लागेल.

आता ज्या आकड्यांना घाबरून हे सगळं चाललंय, ते बघू. तुम्ही पाठवलेला तीन वर्षांचा तक्ता मी दोनदा वाचला. सहावीत ३९ मुलं, त्यातली १८ पास. आठवीतही ३९, त्यातली ११. एक मूल इकडचं तिकडे झालं की अडीच टक्के हलतात. परीक्षेच्या दिवशी तिघं तापाने फणफणलेली असली तर आकडा साडेसातने घसरतो. आणि मुख्य म्हणजे ही तीच मुलं नाहीत. आजची आठवी दोन वर्षांपूर्वी सहावीत होती, तेव्हा तुमच्याच तक्त्यात ४० पैकी ९ होती, म्हणजे साडेबावीस टक्के. तुम्हाला जी घसरण दिसली, तिथे त्या तुकडीत थोडी वाढच आहे. मधे काही मुलं आली-गेली असतील, म्हणून मी याला शाळेचं यश म्हणणार नाही. पण अपयश तर मुळीच म्हणता येत नाही.

२०२४ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियात गणितात स्टँडर्ड गाठणारी मुलं ३५.५ टक्के होती. कमी उत्पन्नाच्या घरांतली फक्त घेतली तर साधारण चौथाई. ६४ टक्के अशी मुलं असलेल्या शाळेचा आकडा याच्या शेजारी ठेवून वाचायला हवा. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या निकालांवर काम केलंय. त्यात सरासरी गुण घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात, पण मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात याचा गरिबीशी संबंध बराच सैल आहे. त्यांच्या प्रकल्पाच्या साइटवर शाळा शोधता येते. 'ग्रोथ'चा आकडा दिसला तर तो बघा.

एशियन मुलांच्या निकालापुढे तारांकन आहे म्हणून तुम्हाला शंका आली. दहा किंवा कमी मुलं असली की राज्य तो आकडा दाखवतच नाही, मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून. 'आमच्यासारखी मुलं तिथे फार नाहीत' हे तुमचं वाक्य मला लागलं, खरं सांगतो. ज्यांचे आईवडील दोन-दोन शिफ्ट करतात त्या मुलांच्या शेजारी बसल्याने तुमच्या मुलाचं गणित बिघडत नाही. त्याच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला या तक्त्यापेक्षा मोलाचं वाटतं : वर्गात गप्प असणारा हा मुलगा शाळा बघायला गेला तेव्हा शिक्षकांशी सायकलच्या गिअरवर वीस मिनिटं बोलत होता.

खरी जोखीम दुसरीच आहे. चार्टर शाळेला पैसे हजेरीप्रमाणे मिळतात, मुलामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून जास्त. बारा मुलं कमी झाली तर एका शिक्षकाच्या पगाराएवढं भोक पडतं. तेव्हा बोर्डाच्या बैठकीची कागदपत्रं मागा, ती जाहीर असतात. तीन वर्षांची पटसंख्या, हातातली शिल्लक आणि चार्टरचं, म्हणजे शाळा चालवायच्या परवान्याचं, नूतनीकरण कधी आहे, एवढं बघा. पट सलग घसरत असेल तर मला परत लिहा, माझं मत बदलू शकतं.

हायस्कूलसाठी ती हद्द हवीच असेल तर नववीच्या आधी तिथे भाड्याने जा आणि आपलं टाउनहाऊस भाड्याने द्या. दोन भाड्यांतला फरक दीड-दोन हजार असला तरी सात हजारांपुढे तो किती? जुना व्याजदर आणि जुना टॅक्सही हातात राहतो. एक तारीख मात्र लिहून ठेवा : गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर विकलं तर जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर नाही. म्हणून भाड्याने दिल्यावर तीन वर्षं भरायच्या आत विकायचं की ठेवायचं ते ठरवा.

तोवर महिन्याला हजार डॉलर ५२९ मध्ये (मुलाच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) टाका आणि गणिताच्या शिकवणीला चार-पाचशे बाजूला ठेवा. शाळेची जागा स्वीकारायची मुदत शुक्रवारी संपतेय, असं तुम्ही लिहिलंय. जागा घ्यायला एक डॉलरही लागत नाही. तो फॉर्म आजच भरा, आणि एजंटला ऑफर थांबवायला सांगा.