वाचक विचारतात: घरचा अभ्यास किती आणि कोणाच्या पद्धतीने?

या वेळी आलेले प्रश्न जवळजवळ सगळेच प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरच्या अभ्यासाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या वेळी घेते.

प्रश्न: ताई, मुलगी दुसरीत आहे. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासक्रमाचं पत्रक दिलं, त्यात घरच्या अभ्यासात फक्त "रोज थोडं वाचन आणि आठवड्याला गणिताचं एक पान" एवढंच आहे. नणंदेचा मुलगा हिच्याच वयाचा, त्याला रोज तीन-चार पानं असतात. मी वर्कबुकं आणून करून घेऊ का?

उत्तर: नका हो आणू, निदान आत्ता तरी. पानं मोजून शाळा चांगली की वाईट ठरवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, मलाही होती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये गृहपाठावरच्या 1987 ते 2003 या काळातल्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला, तर गृहपाठ आणि मार्क यांचा संबंध सातवीपासून पुढे बऱ्यापैकी दिसला आणि खालच्या वर्गांत फारच कमी. तेच कूपर इयत्तेमागे दहा मिनिटं असा साधा हिशोब सांगतात, म्हणजे दुसरीला वीस मिनिटं झाली, आणि त्यात मी तर वाचनही धरेन.

आणि ते "थोडं वाचन" फुसकं समजू नका, खरा अभ्यास तोच आहे. तिने मोठ्याने वाचायचं, तुम्ही शेजारी बसायचं, मोबाईल लांब. "कष्ट" सारख्या शब्दाला अडली की लगेच सांगून टाकू नका, मनात पाचपर्यंत मोजा, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तिचं तिलाच जमतं. नाहीच जमलं तर शब्द सांगा आणि पुढे चला, तिथे ष कसा आणि ट कसा याचा तास घेत बसू नका नाहीतर गोष्ट राहते बाजूला. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचत असेल तर वाचू दे.

प्रश्न: मुलगा तिसरीत. वजाबाकी मी शिकवायला गेलो की म्हणतो आमच्या मॅडम असं करत नाहीत, मग रोज रात्री भांडण. माझी पद्धत चुकीची आहे का?

उत्तर: चुकीची नाहीच, पण वेगळी आहे. 52 वजा 27 घ्या. तुम्ही बहुतेक असं करत असाल, 2 मधून 7 जात नाहीत, मग 12 मधून 7 गेले राहिले 5, हातचा एक, तो खालच्या 2 मध्ये मिळवून 3, आणि 5 मधून 3 गेले 2, उत्तर 25. म्हणजे वर दहा एकक वाढवले, खाली एक दशक वाढवला, दोन्हीकडे दहाच वाढले म्हणून फरक तोच राहिला. हे "का" आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं हातचा हातचा करत मोठे झालो. शाळेत हल्ली काड्यांचे गठ्ठे देतात, 52 म्हणजे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, सुट्या पुरत नाहीत म्हणून एक गठ्ठा सोडायचा, झाले चार गठ्ठे आणि बारा सुट्या, त्यातून दोन गठ्ठे आणि सात सुट्या काढल्या की 25.

घोटाळा होतो तो दोन्ही अर्धवट मिसळल्यावर. पोरगं वरचा 5 खोडून 4 करतं, हे मॅडमचं, आणि खालच्या 2 चे 3 पण करतं, हे बाबांचं, की उत्तर आलंच 15. मी वर्गावर असताना अशी 15 वाली पोरं खूप पाहिली, लक्ष देत नाही म्हणून ओरडा खायची, खरं तर दोन मोठ्या माणसांचं एकदम ऐकत होती बिचारी. (35 आलं तर गोष्ट वेगळी, तो सरळ 7 मधून 2 काढतोय, त्याला परत काड्यांवर आणा.)

म्हणून काही दिवस तुम्ही शिकवायचंच नाही, त्यालाच म्हणा की मॅडम कसं करतात ते मला शिकव. दहा-दहा पेन्सिलींना रबरबँड लावून समोर ठेवा. शाळेची पद्धत पक्की झाली की मग तुमची दाखवा, उलट मजा वाटेल त्याला.

प्रश्न: अपूर्णांक तिसरीत झाले, चौथीत परत, पाचवीत परत. तेच तेच का?

उत्तर: मुद्दाम असतं ते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960 मध्ये ही सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, तोच विषय परत परत यायचा पण दर वेळी थोडा खोल. आधी कागदाची घडी घालून अर्धा आणि पाव, मग छेद वेगळे असताना मोठा कुठला, मग बेरीज. विषयाचं नाव तेवढं तेच असतं.

प्रश्न: गृहपाठात चुका दिसल्या तर खोडून बरोबर करून पाठवू का?

उत्तर: अजिबात नको, चकाचक वही बघून मॅडमना वाटणार की पोराला येतंय आणि त्या पुढच्या धड्यावर जाणार. चूक तशीच राहू दे, शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहा, "एकट्याने केलं, अर्धा तास लागला, शेवटी रडला."