भाच्याची मानसिक तपासणी होणार आहे. त्याची नशा लपवावी का?

चोरीच्या प्रकरणात कोल्हापूरच्या निरीक्षणगृहात ठेवलेल्या आपल्या सोळा वर्षांच्या भाच्यावर मानसिक तपासणीमुळे वेडाचा शिक्का बसेल का आणि त्याची नशा लपवावी का, असे आपण विचारले आहे. अशा मुलांचे समुपदेशन मी करतो, आणि नशा मुळीच लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली तपासणी ही केवळ चाळणी असते. तिच्यातून आजार ठरत नाही. आज रात्री या मुलाजवळ कोणी थांबायला हवे का, त्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत का, एवढेच तातडीने पाहायचे असते. अमेरिकेत यासाठी वापरली जाणारी मेसी-2 ही प्रश्नावलीसुद्धा हो किंवा नाही अशा 52 उत्तरांवरून फक्त इशारा देते, निदान करत नाही.

खरी अडचण पुढे येते. गांजा अचानक सुटला की झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. नैराश्यातही हेच दिसते. झोपेच्या गोळ्यांची सवय एकाएकी तुटली तर फिट येण्याचाही धोका असतो, आणि घरच्यांनी गोळ्यांविषयी सांगितलेच नसेल तर डॉक्टरांना तो आधी ओळखता येत नाही. म्हणून सखोल मूल्यमापन नशा उतरल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. पहिल्या भेटीत मी ज्याला उद्धट समजलो होतो, त्या एका मुलाने तीन आठवड्यांनी सांगितले की वडील गेल्यापासून झोप येत नव्हती आणि गांजा त्याने झोपेसाठीच सुरू केला होता.

2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 15 चे प्राथमिक मूल्यमापन, ज्यावरून मुलाचा खटला प्रौढांप्रमाणे चालवायचा का हे ठरते, ते केवळ घोर अपराधांसाठी आहे. साध्या चोरीशी त्याचा संबंध नाही. आपल्या प्रकरणात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, करून 15 दिवसांत बाल न्याय मंडळाला अहवाल देतील. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यालाच कलम 77 अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटताना शाळेचे प्रगतिपुस्तक, सीपीआर या सरकारी रुग्णालयात पूर्वी दाखवले असेल तर तो केसपेपर आणि घरात गोळ्यांचे रिकामे पाकीट सापडले असेल तर तेही सोबत न्यावे.