उन्हाळ्यात आई-बाबा नेपरव्हिलला येणार असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येतायत, तीन महिने राहणार आहेत, दोघांनाही इथे गाडी चालवता येणार नाही, आईंचे गुडघे दुखतात आणि तुम्ही दोघं सहापर्यंत कामात. मग डाउनटाउनमधल्या कार्यक्रमांपैकी कुठले धरावेत?

मोठ्या जत्रांच्या मागे लागू नका. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच जागी होणारे छोटे कार्यक्रम धरा. मोठ्या फेस्टिवलला गाडी लांब लावावी लागते, सावली नसते, आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि एकदा जाऊन आलं की संपलं. दर गुरुवारी एकाच झाडाखाली बसलं की तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खुर्चीतल्या आजी स्वतःहून हात हलवतात. नव्या गावात म्हाताऱ्या माणसांना हेच हवं असतं.

गुरुवार म्हणजे नेपरव्हिल म्युनिसिपल बँड. १८५९ पासूनची परंपरा, सगळे गावातलेच वादक, आणि उन्हाळाभर सेंट्रल पार्कमध्ये संध्याकाळी साडेसातला फुकट कार्यक्रम. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. आई-बाबांना पितळी वाद्यांचा बँड म्हणजे लग्नाची वरात आठवेल, हा प्रकार वेगळा आहे: कवायतीच्या चाली, जुन्या नाटक-सिनेमांचं संगीत, मधूनच एखादा गायक. राष्ट्रगीत वाजलं की सगळे उभे राहतात, तेवढं आधी सांगून ठेवा. आईंना पटकन उठता आलं नाही तरी कुणी काही म्हणत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती खुर्चीत. दुकानात ‘कॉन्सर्ट चेअर’ म्हणून मिळते ती बुटकी असते, बसायची जागा जमिनीपासून जेमतेम नऊ-दहा इंच. पुढचा माणूस मागच्याला आडवा येऊ नये म्हणून ती तशी करतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसता येतं, उठता येत नाही. आईंसाठी सतरा-अठरा इंच उंचीची, कडक हातांची खुर्ची घ्या. कापडी हात दाबले की खाली जातात, त्यांचा आधार मिळत नाही. उंच खुर्ची घेऊन मधल्या रांगेत बसू नका, कडेला किंवा मागे बसा; मागच्यांनाही बरं आणि बाथरूमला जाताना कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही. खुर्ची पूर्ण उघडली का ते हाताने दाबून बघा. पाऊस पडून गेल्यावर हिरवळ मऊ असते, पुढचे दोन पाय रुततात आणि उठताना माणूस पुढे कलंडतो. पायांखाली प्लायवूडची पातळ फळी टाकली की ते होत नाही.

पावणेसातला पोचा. जूनच्या अखेरीला इथे सूर्य साडेआठला मावळतो, म्हणजे पहिला तासभर उन्हाची तिरीप असते. सावली बघून जागा धरताना आत्ता सावली कुठे आहे ते बघू नका; सूर्य पश्चिमेला खाली येतो तशी सावली पूर्वेकडे लांबते, म्हणून झाडाच्या पूर्वेला बसा. ऑगस्टच्या मध्याला सूर्यास्त आठच्या आत येतो, आणि परतताना अंधार असतो. छोटी टॉर्च ठेवा.

गाडी डाउनटाउनच्या पार्किंग डेकमध्ये लावा. रस्त्यावरच्या जागांना वेळेची मर्यादा असते, त्यामुळे कार्यक्रमाच्या मध्येच उठायची वेळ येते. आधी आई-बाबांना पार्कशी उतरवा, मग डेक शोधा. बाथरूमची सोय आणि उकाडा असह्य झाला तर एसी, या दोन्हींसाठी निकोल्स लायब्ररी लक्षात ठेवा. जेफरसन अव्हेन्यूवर, रिव्हरवॉक या नदीकाठच्या पायवाटेला लागूनच आहे. बंद व्हायची वेळ मात्र त्या दिवशीची बघून जा.

डास संध्याकाळीच येतात, आणि वेस्ट नाइल विषाणू पसरवणारे क्युलेक्स डासही तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतच चावतात. ओडोमॉस आणू नका म्हणून सांगा. इथलं डास पळवायचं औषध घ्या, २० ते ३० टक्के डीट असलेलं किंवा पिकारिडिनचं. डीट प्लॅस्टिकला आणि काही कृत्रिम कापडांना खातं, तेव्हा बाबांच्या चष्म्याच्या काड्यांवर आणि घड्याळाच्या पट्ट्यावर ते लागू देऊ नका. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, डासांचं औषध त्यावर.

खायला भेळ न्या, पण घरून कालवून नेऊ नका. इथे जुलैत हवा दमट असते, कुरमुरे सादळतात. चौघांना सहा वाट्या कुरमुरे घट्ट झाकणाच्या डब्यात, फरसाण दोन वाट्या वेगळं, कांदा-टोमॅटो बर्फाच्या पिशवीसोबत, चटण्या दोन छोट्या बाटल्यांत. बँडच्या मध्यंतरात मोठ्या भांड्यात कालवा, पाच मिनिटांत संपते. दडपे पोहे न्यायचे असले तर लक्षात ठेवा, ओलं खोबरं आणि काकडी असलेला पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचा नाही, आणि पारा नव्वद फॅरनहाइटच्या पुढे असेल तर एकच तास.

आता पहिला आठवडा. भारताशी साडेदहा तासांचं अंतर आहे, इथले दुपारचे चार म्हणजे तिकडे पहाटेचे अडीच. संध्याकाळी आई-बाबा मान टाकून बसतील आणि तुम्हाला वाटेल त्यांना आवडलं नाही. पहिल्या आठवड्यात बँड सोडा आणि शनिवारचा शेतकरी बाजार धरा, सकाळी सातला सुरू होतो आणि दुपारी बारापर्यंत असतो. ते पहाटे साडेतीनपासून जागेच असतील, साडेसहालाच तयार होऊन बसतील. बाजार भरतो तो फिफ्थ अव्हेन्यू स्टेशनच्या आवारात. नाव स्टेशन असलं तरी ती जुनी क्रोलर फर्निचरची फॅक्टरी आहे, खरं मेट्राचं, म्हणजे इथल्या लोकल गाडीचं, स्टेशन जवळच.

जूनमध्ये स्ट्रॉबेरी, मग मिशिगनची ब्लूबेरी आणि पीच, आणि जुलैच्या मध्यानंतर इलिनॉयचा स्वीट कॉर्न. कणसं विकत घेताना सोलून बघू नका, विक्रेते वैतागतात. वरून चाचपून दाणे टोकापर्यंत भरलेत का बघा, आणि मिशा तपकिरी पण ओलसर हव्यात. त्याच दिवशी खा, साखर झपाट्याने कमी होते. आई त्याचा मक्याचा कीस करायला घेतील तर आधीच सांगा की हा मका आपल्या गावरान मक्यापेक्षा फार पाणचट आणि गोड. किसल्यावर दूध कमी घाला आणि दोन चमचे रवा टाका, नाहीतर खीरच होते. सुट्टे डॉलर जवळ ठेवा, छोट्या शेतकऱ्यांना रोख बरी पडते.

रिव्हरवॉक वीकेंडला दुपारी दाखवू नका, सकाळी किंवा बँडच्या आधी. गाव वसल्याला १५० वर्षं झाली म्हणून १९८१ मध्ये ड्यूपेज नदीच्या काठाने विटांची ही वाट बांधली. विटा जागोजागी वरखाली झालेल्या असतात, आईंना चप्पल नको, पट्ट्याचा बूट हवा. पश्चिमेकडे रोटरी हिल या टेकडीजवळ मोझर टॉवर हा मनोरा आहे, त्यात ७२ घंटांचं कॅरिलॉन नावाचं वाद्य. वादक आत बसून लाकडी दांड्यांवर मुठी मारतो आणि तारांनी घंटा वाजतात. उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी कार्यक्रम असले की मनोऱ्याखाली उभं राहू नका. तिथे स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट ऐकू येतो. टेकडीच्या उतारावर लांब बसलं की चाल स्पष्ट कळते. बाबा देवळाच्या घंटेची आठवण काढतील, त्यांना सांगा की इथे प्रत्येक घंटेला ठरलेला स्वर आहे, हार्मोनियमच्या पट्टीसारखा.

बाबांना मोटारगाड्यांची हौस असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मेट्राने डाउनर्स ग्रोव्ह मेन स्ट्रीटला जा, लायल आणि बेलमाँटनंतरचं स्टेशन. उतरलात की समोरच मेन स्ट्रीट, उन्हाळ्यात तिथे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं. मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात आणि विचारलं की मनापासून बोलतात. गाडीला हात लावायचा नाही, रंगावर बोटांचे ठसे राहतात. परतीच्या गाडीची वेळ आधी बघा, रात्री गाड्या लांबलांब अंतराने असतात.

वादळाचं नीट सांगून ठेवा. इथला पाऊस पुण्या-मुंबईसारखा दिवसभर रिमझिमत नाही, वीस मिनिटांत आभाळ काळं होतं. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून उठायचं आणि इमारतीत किंवा गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. छत्री उघडून बसून राहणारे आपले लोक दर वर्षी दिसतात, तसं करू देऊ नका. आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे वाजतात ती फक्त चाचणी असते. तुम्ही तेव्हा कामात असाल आणि ते दोघं घरी एकटे, तेव्हा फ्रिजवर चिठ्ठी लावा: पहिला मंगळवार, सकाळी दहा, घाबरू नका, बाकी कधीही वाजला तर तळघरात जा, तळघर नसेल तर खालच्या मजल्यावर खिडकी नसलेल्या खोलीत, आणि मग मला फोन करा.